लाल ठिपका वर

आमच्याकडे राहायला आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी एक गोष्ट सांगितली जाते. विजेवर चालणारं काहीही लावायचं असेल तर पिनेवरचा लाल ठिपका वर ठेवायचा. पाहुणा हसतो, मान डोलावतो आणि विसरतो. मग हे उठतात, पिन काढून उलटी करून लावतात आणि माझ्याकडे असं बघतात की त्या पाहुण्याला मीच लहानपणापासून बिघडवलंय.

ठिपका माझ्या नखांना लावायच्या रंगाचा आहे. लग्नात कुणीतरी दिलेली लाल रंगाची बाटली मी एकदाच नखांना लावली, बाकी सगळी यांच्या पिनांना लागली. 'हे' म्हणजे माझे यजमान. दिवसभर औषधांच्या दुकानात औषधं देतात आणि उरलेला जन्म भंगारात घालवतात. कुणी टाकून दिलेला रेडिओ, कुणाचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर, कुठल्या कचेरीतून निघालेला टेबलफॅन, जे मिळेल ते वजनावर घ्यायचं, मागच्या खोलीतल्या टेबलावर मांडायचं आणि सुट्टीच्या सुट्टी त्यात डोकं खुपसून बसायचं. त्या टेबलावर मी फडकं फिरवायचं नाही, असा करार आहे. मला जो कचरा दिसतो तो यांचा माल असतो.

सगळ्यात जास्त जीव जुन्या रेडिओंवर. आत काचेच्या नळ्या असलेले, लावल्यावर जरा वेळाने तापून बोलायला लागणारे. त्यातल्या काही स्वस्तातल्या रेडिओंत एक गोम असते, ती यांनी मला इतक्या वेळा समजावली आहे की मी झोपेतसुद्धा सांगेन. भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एक तार सरळ आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. पिन सुलटी लावली तर सांगाडा मेलेला, उलटी लावली तर तोच सांगाडा जिवंत. वरून लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकची बटणं असतात, म्हणून माणसाला काही होत नाही. तरीही खबरदारी म्हणून लाल ठिपका.

ठिपक्याची अक्कल दुकानातली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे गोळ्यांच्या पाकिटावर ठिपके काढून देतात, सकाळी एक, रात्री दोन. आणि रोज घरी आल्यावर चपला काढता काढता तेच रडगाणं. "एवढे ठिपके काढून दिले तरी रात्रीची गोळी सकाळी खातात गं! लोकांना सांगायचं तरी किती?"

मी हो ला हो करते. माझ्या स्वयंपाकघरातही यांनी दुरुस्त केलेला असाच एक रेडिओ आहे. त्याला हात लावायच्या आधी मी हात फडक्याला पुसून कोरडे करते. सवयच झाली आहे.

यांना एक धाकटी बहीण आहे. वयाने चाळिशी ओलांडली तरी घरात सगळे तिला चिमीच म्हणतात. मी तिला वन्सं म्हणायला हवं, पण लग्न होऊन आले तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, त्यामुळे तोंडात चिमीच बसलं. लहानपणी हे काहीही उघडून बसले की ती समोर फतकल मारून बसायची आणि स्क्रू एका बशीत सांभाळायची. एकही स्क्रू तिने कधी हरवला नाही, असं हे अजून अभिमानाने सांगतात. स्वतःचे मात्र रोज हरवतात.

चिमीच्या सासूबाईंना दुपारी सोबतीला रेडिओ हवा होता. नव्या रेडिओंतली बारीक बटणं त्यांना दिसत नाहीत. त्यांना जुना हवा होता, गोल फिरवायचं बटण असलेला, पिवळा दिवा लागणारा. चिमीने नुसता विषय काढला आणि यांच्या अंगात आलं. कित्येक सुट्ट्या त्यात गेल्या. पेटीची मागची फळी सडली होती, तिच्या जागी माझ्या शिवणाच्या खोक्याचं झाकण कापून बसवलं, तेही मला न विचारता. आवाजाचं बटण हरवलेलं होतं, म्हणून टूथपेस्टचं हिरवं झाकण डिंक लावून सांगाड्यातून बाहेर आलेल्या लोखंडी सळईवर बसवलं. वायरच्या टोकाला नवी पिन, पिनेवर लाल ठिपका. रेडिओ द्यायला दोघं गेलो तेव्हा ठिपका वर म्हणजे कसा, हे मी स्वतः चिमीला तीनतीनदा दाखवलं. "तुझ्या दादाची शप्पथ आहे समज," असंही वर म्हणाले. तिने हसून हात जोडले.

त्यानंतर काही महिन्यांनी चिमीच्या सासूबाई स्वयंपाकघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

मोठं दुखणं झालं ते. ऑपरेशन, मग महिनोन्महिने पलंग, मग वॉकर. तोवर एकट्या बाजारात जाऊन भाजी निवडून आणणारी बाई न्हाणीघरापर्यंत जायलाही चिमीचा खांदा शोधायला लागली. आणि हे झालं कशाने, तर चिमीने फरशी पुसून ओली ठेवली, सासूबाईंना सांगायला विसरली. असं तिनेच सगळ्यांना सांगितलं. पडताना रेडिओही खाली आला आणि त्याचे तुकडे झाले, हेही तिनेच सांगितलं. "काही उरलं नाही दादा, टाकून दिला," म्हणाली. यांनी सुस्कारा सोडला. नळ्या तरी शाबूत होत्या का, हे विचारायचं यांच्या ओठांवर आलं होतं. मी डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

चिमीला त्या फरशीवरून कुणीकुणी सुनावलं नाही? तिच्या नवऱ्याने, त्याच्या बहिणींनी, शेजारणींनी. मीही त्यात मागे राहिले नाही. फोनवर तिला म्हणाले, घरात वयस्कर माणूस असताना फरशी ओली ठेवतात का गं, एवढंही कळत नाही का. ती "हो वहिनी" म्हणाली आणि फोन ठेवला.

हे सगळं जुनं झालं होतं. मग एका रविवारी सकाळी हे भंगारवाल्याकडून आले ते तणतणतच. काखेत तो रेडिओ होता.

"ओळख," म्हणाले.

मी काय ओळखणार, मला सगळे सारखेच. त्यांनी पेटी फिरवली. मागे माझ्या शिवणाच्या खोक्याचं झाकण, कोपऱ्यात मी चिकटवलेली बटणाची खूण अजून तशीच.

"तुकडे झाले ना? हे बघ तुकडे! धड ओरखडासुद्धा नाही. जुन्या इस्त्र्यांखाली पडला होता. भंगारवाला म्हणतो, फार दिवस झाले, कुठल्यातरी फेरीवाल्याने आणून टाकला. फेरीवाल्याला कुणी दिला असेल?"

स्वतःच दिलेला रेडिओ स्वतः वजनावर विकत घेऊन आले होते. ते ऐकून मला हसू येत होतं, पण यांचा चेहरा बघून दाबलं. यांनी वायर झटकली, पिन पाहिली, ठिपका फिकट पण जागेवर. ठिपका वर ठेवून पिन लावली. जरा वेळाने पिवळा दिवा उजळला आणि रेडिओ असा स्वच्छ बोलायला लागला की जणू कालच बंद केला होता. टूथपेस्टचं झाकण तेवढं नव्हतं. यांनी सळईला पक्कड लावून आवाज कमी केला.

"काहीही झालेलं नाही याला," हे म्हणाले आणि खुर्चीत बसले. राग ओसरला होता, आता नुसतं वाईट वाटत होतं, आणि ते मला बघवेना. यांचा राग मी ऐकून सोडून देते. यांचं वाईट वाटणं माझ्या अंगाला लागतं.

म्हणून आगीत तेल मी ओतलं. म्हणाले, "नको होता तर तोंडाने सांगायचं होतं. घरात जुनाट दिसत असेल, लाज वाटली असेल. पण खोटं बोलायचं? तेही सख्ख्या भावाशी? आत्ताच्या आत्ता जा आणि ठेवा तिच्यापुढे. मीही येते."

मला कशाला जायचं होतं, विचाराल तर तमाशा बघायला, दुसरं काय.

दुपारी आम्ही चिमीच्या दारात उभे. तिचा नवरा छापखान्यात मशीन चालवतो, रविवारी घरी असतो, आणि घरी असला की दुसऱ्याची फिरकी घेण्याखेरीज काही करत नाही. यांच्या काखेतलं धूड बघून त्याने दार सताड उघडलं. "या या, दादा! आज कुणाचं प्रेत आणलंत?"

हे हसले नाहीत. सरळ आत गेले आणि खिडकीशी आरामखुर्चीत बसलेल्या सासूबाईंच्या शेजारच्या तिपाईवर रेडिओ ठेवला. वॉकर खुर्चीला टेकून उभा होता. त्या पुढे वाकल्या, चष्मा सारखा केला आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं, बरं झालं आलो.

"अगंबाई, माझा रेडिओ! हा तर फुटला होता ना?"

"कुठला फुटलाय आई," हे म्हणाले. "घरी लावून बघितला, ठणठणीत आहे. भंगारात पडला होता. कुणीतरी भंगारात घातला होता."

'कुणीतरी' म्हणताना हे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. दारात चिमी उभी होती. हातात पाण्याचे पेले होते आणि तोंडावर रंग नव्हता.

"काय गं," तिचा नवरा म्हणाला, "तू तर म्हणालीस, तुकडे झाले."

"मला तसं वाटलं," चिमी म्हणाली.

"वाटलं? तुकडे झाले की नाही ते वाटतं होय?"

आता तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. पेला घेता घेता मी गोड आवाजात म्हणाले, "अगं, जड झाला होता तर परत द्यायचास, चिमी. आम्ही काय खाल्लं असतं तुला? लपवाछपवी कशाला करायची म्हणते मी." माझा हा गोड आवाज मला माहीत आहे. तो मी फार विचार करून काढते.

चिमीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. "राहू द्या ना वहिनी," एवढंच ती म्हणाली. मग भावाला म्हणाली, "दादा, नको लावूस आत्ता. मी चहा टाकते, बस ना तू आधी."

"लावू दे गं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "किती दिवसांनी आला माझा सोबती. लावा हो तुम्ही."

हे पिन हातात घेऊन जागा शोधायला लागले. भिंतीतल्या पिनेच्या जागेवर फ्रीज लावलेला होता. खुर्चीच्या पायाशी लांब वायरचा एक लाकडी बोर्ड पडला होता, तीन-चार जागा असलेला, जमिनीवर सपाट. हे गुडघ्यावर बसले. पिन बोर्डाशी नेली आणि थांबले.

पिन या बाजूने धरली, मग फिरवून त्या बाजूने धरली. मला वाटलं, चष्मा विसरलेत. पण ते पिनेकडे बघतच नव्हते, बोर्डाकडे बघत होते. जमिनीवर सपाट पडलेल्या बोर्डाला वर कुठलं आणि खाली कुठलं?

"हा बोर्ड कधीपासून आहे आई?" त्यांनी विचारलं.

"हा ना? जुनाच. तेव्हा स्वयंपाकघरात असायचा, ओट्यावर. रेडिओ यालाच लावायचे की मी." त्या खुशीत होत्या, बोलत सुटल्या. "ते तुम्ही बसवलेलं हिरवं झाकण मात्र टिकलं नाही हो. लगेचच निघालं. ही म्हणायची दादाला सांगते, मी म्हटलं कशाला त्रास. नुसती ती सळई फिरवायचे. बारीक आहे ना, ओला हात असला की सटकते. पडले त्या दिवशीसुद्धा तांदूळ धूत होते आणि बातम्या लागल्या म्हणून आवाज मोठा करायला गेले. हात नुसता लागला न लागला आणि खालून पाय असा गेला की कळलंच नाही. हिची ती फरशी!"

हे गुडघ्यावर बसून होते. मला त्यांचे कान दिसत होते, ते लाल झाले आणि मग पांढरे पडले. मला विजेतलं यांच्याइतकं कळत नाही, पण ठिपक्याची जी गोष्ट मी झोपेतही सांगेन म्हणत होते, ती तेव्हा जागेपणी माझ्या डोक्यात उतरली. मी हातातला पेला खाली ठेवला. ठिपका वर, ठिपका वर, असं मी याच घरात तीनतीनदा बजावून गेले होते.

हे उठले. वायर गुंडाळली. "नाही चालायचा," म्हणाले.

"अहो, आत्ताच तर ठणठणीत म्हणालात," चिमीचा नवरा म्हणाला.

"येताना रस्त्यात हादरला असेल. आतून गेलाय. चिमीचं बरोबर होतं."

चिमीने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. तो मला ऐकू आला. म्हणजे तिला माहीत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मघाशी काढलेला तो गोड आवाज परत घशात कोंबता आला असता तर मी कोंबला असता.

चहा आम्ही कसाबसा घेतला. कुणी काय बोललं ते आठवत नाही. हे रेडिओ काखेत मारून उठले आणि आम्ही दाराशी आलो. यांनी एक बूट घातला, दुसऱ्याची नाडी शोधत होते.

"जपून उतरा हं दादा," चिमीचा नवरा मागून म्हणाला. "हिने जिना पुसला असेल!"

आतून सासूबाई हसल्या. "हिच्या हातात फडकं दिसलं की मी पाय वर घेऊन बसते बाई."

विनोद नवा नव्हता. तो किती वेळा झाला असेल ते चिमीच्या हसण्यावरून कळत होतं. जिथे हसायचं तिथे ती बरोबर हसली, नवरा हसायला लागायच्याही किंचित आधी, आणि आमचे रिकामे कप उचलायला वळली. रोज हसून हसून सरावलेलं ते हसू होतं, आणि तिने ते आमच्यासमोरही न चुकता हसून दाखवलं.

यांच्या हातातून नाडी सुटली. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, असे हे परत आत गेले. मी मागे गेले. त्यांनी रेडिओ पुन्हा तिपाईवर ठेवला आणि खुर्चीसमोर उभे राहिले.

"आई, तुम्ही फरशीमुळे पडला नाहीत."

"दादा!" चिमी ओरडली. कप तिच्या हातातच होते.

"थांब गं. आई, तुम्हाला याचा शॉक बसला. या सळईला वीज होती. पिन उलटी लागली की येते. मी ठिपका वर ठेवा म्हणून सांगितलं होतं, पण तुमच्या बोर्डाला वर नाहीच. ठिपका तिसऱ्या, मोठ्या भोकाकडे ठेवा असं सांगितलं असतं, तर..." ते थांबले. मला कळलं की आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं. "नाही. सांगण्याचा प्रश्नच नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं आणि ते मी घरात आणून दिलं. टूथपेस्टचं झाकण लावून."

चिमीचा नवरा भिंतीला टेकून उभा होता तो सरळ झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी पाहिलं. त्याने बायकोकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. आईंना दवाखान्यात सोडून आले, ओटा आवरताना त्या सळईला हात लागला, तेव्हा मलाही बसला," चिमी म्हणाली. "मग कळलं."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "आणि फरशी?"

"कोरडी होती आई."

"मग इतके दिवस मी तुला नाही नाही ते बोलले. आल्यागेल्यापुढे बोलले. एकदाही तोंड उघडवलं नाही तुला?"

चिमीने कप टेबलावर ठेवले. एकात एक नीट बसवले, मग म्हणाली, "दादाला दुसरं काय आहे हो आई? दुकान आणि हे. लहानपणापासून त्याला हे एकच सुख आहे. हे कळलं असतं तर त्याने पुन्हा कशालाच हात लावला नसता. मला वाटलं, मला बोलाल चार दिवस आणि विसराल."

हे ऐकून यांनी मान खाली घातली. चिमीने त्यांना तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ती त्यांची बाजू घेऊन बोलत होती आणि तिचं एकेक वाक्य यांना उघडं पाडत होतं. स्क्रू सांभाळणारी ती पोरगी अजूनही बशी धरूनच बसली होती.

"चूक झाली," हे म्हणाले.  "काय भरून देऊ मी?"

 सासूबाईंनी वॉकरच्या दांड्यावर हात ठेवला, उठायला नव्हे, नुसताच. "मी चालत होते हो," त्या म्हणाल्या. "बाजारापर्यंत एकटी जायचे."

 चिमीचा नवराच शेवटी पुढे झाला. रेडिओ उचलून यांच्या हातात दिला. "आज तुम्ही या दादा," म्हणाला. वाईट बोलला नाही. पण दार लावलं तेव्हा आम्ही जिन्यावर पोचलोही नव्हतो, आणि यांची नाडी अजून तशीच लोंबत होती.

 घरी आल्यावर हे टेबलाशी गेले, कात्री घेतली आणि त्या रेडिओची वायर मुळापासून कापली. मला वाटलं, झालं. पण ते घरभर फिरायला लागले. बैठकीतला रेडिओ, झोपायच्या खोलीतला, जिथे जिथे लाल ठिपका दिसेल ती पिन ओढून काढायची आणि वायर कापायची. कापलेल्या पिना टेबलावर गोळा झाल्या. माझ्या लग्नातला सगळा रंग तिथे पडला होता.

शेवटी स्वयंपाकघरात आले. मी चहाची भांडी विसळत होते, म्हणजे विसळायचं निमित्त करत होते. त्यांनी माझ्या रेडिओची पिन काढली, पण वायर लगेच कापली नाही. रेडिओचं बटण बघितलं. ते खरं बटण होतं, प्लॅस्टिकचं, पण त्याला बाजूला स्क्रू असतो आणि स्क्रू लोखंडाचा असतो. त्या स्क्रूवर अंगठा ठेवून ते उभे राहिले.

"तुला कधी बसला का गं याचा?" त्यांनी विचारलं.

'नाही' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. मला विचार करावा लागला नाही, तो आपोआप वर आला, चिमीचं हसू आपोआप आलं होतं तसा. चिमी तरी वर्षभरच गप्प बसली होती.

"बसतो," मी म्हणाले. "अधूनमधून. जोरात नाही. मुंग्या येतात."

"केव्हापासून?"

"आणलात तेव्हापासून."

"ठिपका वर ठेवूनसुद्धा?"

"मी कपडे शिवायला बसते तेव्हा मशीन तिथे लावते ना. मग रेडिओची पिन काढून परत लावायची. घाईत कधी बघते, कधी नाही बघत."

यांनी स्क्रूवरचा अंगठा उचलला. मग म्हणाले, "मग सांगितलं का नाहीस?"

विचारताना माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर चिमीने दुपारीच दिलं होतं आणि माझ्याजवळ त्याहून वेगळं उत्तर नव्हतं. एका दिवसात ते दोनदा ऐकवायला माझी जीभ रेटेना. मी पुढे झाले, त्यांच्या हातातून तो रेडिओ घेतला. पण घेण्याआधी माझे हात आपसूक फडक्याकडे गेले आणि पुसले गेले, आणि ते त्यांनी पाहिलं.